पहिली नोकरी, नवं शहर आणि वाडीचं मंडळ

रायगड जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली सुमारे 22 लाख होती. 2011 च्या जनगणनेत ती 26 लाखांच्या पुढे गेली. याच दहा वर्षांत जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा पोलादपूर तालुका मात्र सुमारे 54 हजारांवरून 45 हजारांवर उतरला आणि शेजारच्या महाड तालुक्यातही थोडी घटच झाली. पनवेल-उरणकडे वाढ झाली, सावित्रीच्या खोऱ्यातली माणसं कमी झाली. जी कमी झाली त्यांत कामाच्या वयाचे तरुण सर्वांत जास्त, हे सांगायला आकडेवारी उघडावी लागत नाही. कुठल्याही वाडीत गेलं की किती घरांना कुलूप आहे ते दिसतं. महाड-पोलादपूरचा माणूस नोकरीसाठी बाहेर पडतो यात नवीन काही नाही, शंभराहून अधिक वर्षं तो बाहेर पडतो आहे. बदललं आहे ते त्याचं शहरात पोचल्यानंतरचं पहिलं वर्ष. आज ते वर्ष मुलगा किंवा मुलगी एकटीनं काढते. ते अवघड गेलं तर आपण म्हणतो, ‘तो जरा बुजरा आहे’, ‘तिला घराची सवय फार’. दोष स्वभावावर जातो. माझं म्हणणं असं की, नव्या शहरात रुळणं स्वभावावर थोडं आणि सोयीवर फार अवलंबून असतं. ही सोय आपल्या मुलखानं एकेकाळी स्वतः उभी केली होती. ती आता मोडकळीला आली आहे आणि पुन्हा उभी करणं आपल्याच हातात आहे.

ती सोय काय होती हे नीट पाहायला हवं, कारण तिच्याबद्दल बोलताना गहिवर जास्त आणि तपशील कमी असतो. महाड हे सावित्रीवरचं जुनं बंदर. रस्ते धड नव्हते तेव्हा दासगाव-बाणकोटच्या वाटेनं, पाण्यावरून मुंबई गाठली जाई. डिसेंबर 1927 मध्ये डॉ. आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेला आले तेही बोटीनं दासगाव बंदरातच उतरले होते. या वाटेनं मुंबईला गेलेला तरुण भाऊच्या धक्क्यावर उतरला की त्याला जायला एक ठरलेली जागा असे. लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड अशा भागांतल्या चाळीत त्याच्या गावाची किंवा वाडीची एक खोली असे, तिला गावकीची खोली म्हणत. भाडं सगळ्यांनी मिळून भरायचं. भिंतीला लागून ट्रंका, वर दोरीवर कपडे, आणि झोपायला पाळ्या: रात्रपाळीवाले दिवसा पडत, दिवसपाळीवाले रात्री. दहा बाय बाराच्या जागेत पंधरा-वीस माणसं नांदत. नव्यानं आलेल्याला काम लागेपर्यंत सांभाळून घ्यायचं आणि काम लागल्यावर त्यानं आपला वाटा भरायचा, हा साधारण रिवाज. जेवण खाणावळीत, आणि खाणावळ चालवणारी बाई बहुधा ओळखीतली, त्यामुळे पगार होईपर्यंत उधारी चाले. गिरणीत शब्द टाकणारा कोणी जॉबर (मुकादम) किंवा जुना कामगार याच खोलीच्या ओळखीतून सापडे. भिशी, आजारपणाची मदत, मयताचा खर्च, गावाला पाठवायचे पैसे हे सगळं त्याच चार भिंतींत ठरे. पुढे याच खोल्यांतून ग्रामस्थ मंडळं उभी राहिली. आज पोलादपूरच्या डोंगरातल्या लहानशा वाडीच्या देवळावरही ‘मुंबई मंडळ’ अशी पाटी दिसते, तिचं मूळ या खोलीत आहे.

या रचनेचं खरं मोल कळायला गिरणीतल्या नोकरीची सुरुवात कशी होई ते माहीत हवं. नवा माणूस कायम कामगार नसे, तो बदली कामगार असे. रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर परत. 1935 साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांची यादी ठेवायची पद्धत सुरू केली, तरी रोजच्या कामाची खात्री नव्हतीच. महिन्यातले काही दिवस कमाई आणि काही दिवस शून्य, असं वर्ष-दोन वर्षं चाले. अशा काळात एकट्यानं खोली घेऊन, स्वतंत्र जेवण करून टिकणं कोणालाही शक्य नव्हतं. गावकीची खोली हा अनिश्चित नोकरीवर काढलेला विमा होता, आणि त्याचा हप्ता सगळे मिळून भरत. खाणावळीनंही उधारीच्या रूपानं या जोखमीचा मोठा भाग उचलला. संप लांबला की कामगारांबरोबर खाणावळवालीचंही दिवाळं निघे. म्हणूनच 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

त्या काळच्या अनेक तज्ज्ञांना हे सगळं मागासलेपण वाटे. कामगार अर्धा शेतकरीच राहतो, सणाला गावी पळतो, म्हणून तो शहराचा होत नाही, अशी तक्रार असे. ब्रिटिश सरकारनं 1929 मध्ये नेमलेल्या व्हिटली कमिशनसमोर हा प्रश्न आला. 1931 च्या अहवालात कमिशननं दिलेलं मत वेगळं होतं: गावाशी असलेलं नातं ही कामगाराची जमेची बाजू आहे, ते तोडायचा प्रयत्न करू नये, उलट त्याला शिस्त लावून ते टिकवावं. पुढे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या अभ्यासातून हेच अधिक नेमकेपणानं दाखवलं. गावाशी नातं ठेवणं ही जुनी सवय सुटत नसल्याची खूण नव्हती. शहरात टिकण्याचा तो विचारपूर्वक निवडलेला मार्ग होता. गावाचा आधार असलेला कामगार संपात जास्त दिवस तग धरू शकत असे. माझ्या मते आजच्या तरुणांबद्दलच्या चर्चेत हा मुद्दा पूर्ण हरवला आहे. ‘गाव विसर, शहराचा हो’ हा सल्ला ऐकायला धाडसी वाटतो, पण मुंबईचा इतिहास त्याच्या बाजूनं साक्ष देत नाही.

आता आजचं चित्र. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, बऱ्याच खोल्या गेल्या. दरम्यान इकडे शिक्षण वाढलं. महाडला 1961 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे, आणि मुंबई-गोवा महामार्गावर लोणेऱ्याला 1989 मध्ये स्थापन झालेलं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पदवी घेतलेला मुलगा आता लालबागला जात नाही. तो खारघर, ऐरोली, ठाणे किंवा ताम्हिणी ओलांडून पुण्याला हिंजवडी-खराडीकडे जातो. तिथे वाडीची खोली नाही. पीजीमध्ये कॉट मिळते, खोलीतले इतर तिघे वेगळ्या राज्यांतले आणि वेगळ्या पाळ्यांचे. पहिला पगार महिन्याअखेरीला, डिपॉझिट आणि भाडं मात्र आधी. नोकरी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर किंवा कंत्राटदारामार्फत, म्हणजे बदलीचाच नवा अवतार. जोखीम तशीच राहिली आणि ती वाटून घेणारी पंधरा माणसं गेली, इतका हा साधा हिशेब आहे.

यात काळाचाही एक प्रश्न आहे आणि त्यावर चांगले अभ्यास झाले आहेत. स्वेर्रे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेहून अधिक नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखती घेऊन 1955 मध्ये एक निरीक्षण मांडलं. सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले लोक बऱ्यापैकी रुळलेले होते. सर्वांत अस्वस्थ होते ते मधले, म्हणजे सहा ते अठरा महिने काढलेले. नंतरच्या संशोधकांनी हे सगळ्यांना लागू होत नाही असं दाखवलं आहे, आणि ते मान्य करायला हवं. तरी या निरीक्षणातून आपल्यासाठी एक इशारा निघतो. घरचे पहिल्या महिन्यात रोज फोन करतात, सामान पोचवायला जातात. सहा महिन्यांनी ‘आता रुळला’ म्हणून निर्धास्त होतात. नेमकं तेव्हाच प्रोबेशनचा निकाल लागतो, अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत येतो, नव्या जागेचं नवं डिपॉझिट उभं करावं लागतं आणि सुरुवातीची नवलाई ओसरलेली असते. मदतीची खरी गरज आठव्या-दहाव्या महिन्यात असते.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांचा, 2018 मधला. त्यात नुकतंच गाव बदललेल्या प्रौढांना नव्या ओळखींबद्दल विचारलं होतं. निष्कर्ष असा की, साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास, चांगली मैत्री व्हायला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात. शिवाय नुसते एकत्र काम केलेले तास त्यात फारसे जमा होत नाहीत. हे आकडे आपल्या परिस्थितीला लावून पाहा. रोज तीन तास लोकलमध्ये आणि दहा तास कामावर जाणाऱ्या मुलीनं रविवारी कोणाबरोबर दोन तास काढले, तरी 50 तास भरायला पंचवीस आठवडे लागतील. म्हणजे साध्या मैत्रीलाच सहा महिने. गावकीच्या खोलीत माणसं रोज दोन-तीन तास एकमेकांसमोर बसत, जेवत, पत्र वाचत, भजन म्हणत. तिथे 200 तास अडीच-तीन महिन्यांत होऊन जात. त्या पिढीला माणसं जोडण्याची कला अवगत होती आणि आजच्या मुलांना ती नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी हा तासांचा हिशेब पाहावा.

मग कोणी विचारेल, आता मोबाइल आहे, आई रोज व्हिडिओवर दिसते, वाडीचा ग्रुप आहे, आणखी काय हवं? फोननं घर जवळ आणलं हे खरं आणि ते थोडं नव्हे. पण ताप आला तर दवाखान्यात नेणं, मालकानं डिपॉझिट अडवलं तर सोबत उभं राहणं, नियुक्तिपत्रातली बाँडची अट वाचून ‘यावर सही करू नकोस’ असं सांगणं, ही कामं त्याच शहरात राहणारा माणूसच करू शकतो. फोन घराशी जोडतो, शहराशी जोडायला शहरातलं माणूस लागतं.

यापेक्षा वजनदार आक्षेप अर्थशास्त्रातून येतो. कैवान मुंशी आणि मार्क रोझेन्झवाइग यांनी दादर भागातल्या शाळांमधल्या विद्यार्थ्यांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासून 2006 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कामगार जातींच्या घरांत मुलाला ओळखीनं बापाच्याच धंद्यात चिकटवता येईल अशी खात्री होती, म्हणून मुलगे मराठी माध्यमात आणि जुन्याच कामांकडे जात राहिले. मुलींना या ओळखीच्या जाळ्यात जागाच नव्हती, त्यामुळे त्यांना इंग्रजी माध्यमाकडे वळणं सोपं गेलं आणि 1990 नंतरच्या नव्या नोकऱ्यांचा फायदा त्यांनी अधिक घेतला. म्हणजे ज्या आधाराचे मी गोडवे गातो आहे त्यानंच मुलग्यांना अडकवून ठेवलं, असा याचा अर्थ होतो, आणि तो खरा आहे. खोलीत सगळेच गिरणीतले असले की नव्याला गिरणीचंच दार दिसतं.

पण यावरून आधारच नको हा निष्कर्ष निघत नाही, आधार कसा असावा हे त्यातून कळतं. याच मुंशी यांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या मेक्सिकन स्थलांतरितांचा अभ्यास केला होता. आपल्या गावचे जास्त लोक आधीपासून तिथे असले की नव्या माणसाला काम मिळण्याची शक्यता वाढते आणि तुलनेनं बऱ्या पगाराचं कामही मिळतं. त्यातही खरी मदत होते ती काही वर्षं मुरलेल्या लोकांची, कालपरवा आलेल्यांची नव्हे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्ये सैल ओळखींची ताकद दाखवून दिली: नोकरीची बातमी बहुतेकदा जिवलगाकडून येत नाही, कधीमधी भेटणाऱ्या परिचिताकडून येते, कारण जिवलगाला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर केलेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत यालाच दुजोरा मिळाला. अगदी घट्ट नाही आणि अगदी नावापुरतीही नाही, अशी मधली ओळख नोकरीसाठी सर्वांत उपयोगी ठरली. आता वाडीच्या मंडळात आपल्याला ओळखणारे चाळीसच लोक असतील, पण पोलादपूर तालुक्यातल्या सगळ्या मंडळांत मिळून परिचारिका, विमा अधिकारी, लेखापाल, वेल्डिंग निरीक्षक, शिक्षक, सॉफ्टवेअरवाले असे कितीतरी निघतील. राहायला आणि ताप आल्यावर वाडीचं माणूस हवं. नोकरी शोधायला, बदलायला तालुक्यातलं त्या क्षेत्रातलं माणूस हवं. जुनी रचना पहिलं काम उत्तम करत होती आणि दुसऱ्यात तोकडी पडत होती. दुरुस्ती तिथे करायची आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आणि तो महाडच्या संदर्भात टाळताच येणार नाही. गावकीच्या खोल्या गावासारख्याच विभागलेल्या होत्या. एका गावाचे असूनही मराठे, कुणबी, महार वेगवेगळ्या खोल्यांत, बहुधा वेगवेगळ्या चाळींत राहत. गिरणीतही तेच. विणाई खात्यात पगार चांगला, पण धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ दिलं जात नसे. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संप समितीपुढे मांडला होता. ज्या ओळखीनं एकाला दार उघडलं तिनंच दुसऱ्याला बंद केलं, हे विसरून जुन्या दिवसांचं कौतुक करणं अन्याय ठरेल. पण याच इतिहासाची दुसरी बाजूही महाडचीच आहे. महाडजवळच्या लाडवलीत 1903 मध्ये जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे पोटासाठी मुंबईत पडेल ते काम करत राहिले, तिथल्या कामगार वस्त्यांत वावरले आणि तिथे जोडलेल्या माणसांच्या बळावर त्यांनी आपल्या मुलखात परिषद भरवण्याचा ध्यास घेतला. 19 आणि 20 मार्च 1927 ची महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह यांच्या तयारीत ते अग्रभागी होते. बाहेर ठेवलेल्यांनी स्वतःचं जाळं विणलं आणि त्या जाळ्यानं नोकरीपुरतं न थांबता पाण्याचा हक्क मागितला. आजच्या मंडळांनी यातून घ्यायचं ते एवढंच: तालुक्याच्या पातळीवर जी व्यवस्था उभी राहील तिच्या दारावर जात विचारली जाता कामा नये. नवबौद्ध वस्तीतली मुलगी आणि मराठा वाडीतला मुलगा लोणेऱ्याला एका वर्गात शिकतात, ठाण्यात एका कार्यालयात लागतात. त्यांच्या मदतीची यादी वेगळी ठेवण्याला काही कारण उरलेलं नाही.

बायकांबद्दल याहून जास्त बोलायला हवं. गावकीची खोली पुरुषांची होती. गिरणी कामगार मुंबईत रुळू शकला याचं कारण गावात भातशेती, नाचणी, गुरं, म्हातारी माणसं आणि मुलं एकटीनं सांभाळणारी त्याची बायको होती. 1921 च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया पाचशेच्या थोड्याच वर होत्या, आणि त्याच काळात कोकणातल्या गावांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. शहरात रुळण्याची किंमत कोणी मोजली ते या दोन आकड्यांत दिसतं. आज मुलगी स्वतः नोकरीला निघते, आणि मंडळाकडे तिच्यासाठी काहीच नसतं. मंडळाची कार्यकारिणी पुरुषांची, कार्यक्रम क्रिकेटचे सामने, सप्ताह आणि पूजा. तिच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न ‘तिथे आपलं कोण आहे?’ हाच असतो, आणि त्याला उत्तर नसल्यामुळे किती नेमणुका सोडून दिल्या जात असतील याची नोंद कुठेही होत नाही. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या महाड-पोलादपूरच्या नोकरदार बायका आता कमी नाहीत. त्यांतल्या दोघीतिघींनी फोन नंबर देऊन ‘नव्या मुलीनं आधी आम्हाला भेटावं’ एवढं जाहीर केलं, तरी हा प्रश्न घरोघरी सोपा होईल.

महाडला औद्योगिक वसाहत असताना बाहेर जायचंच कशाला, असंही कोणी म्हणतं. बिरवाडीकडच्या रासायनिक कारखान्यांनी अनेकांना घराजवळ काम दिलं आहे आणि ते महत्त्वाचं आहे. पण रसायनांबाहेरचं शिक्षण घेतलेल्यांना तिथे वाव थोडा. शिवाय महाडच आता परप्रांतातून आलेल्या कामगारांसाठी नवं शहर झालं आहे. आपण बाहेर जाऊन जे मागतो ते इथे येणाऱ्यांना देतो का, हेही तपासायला हवं.

मंडळांनी करायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. देवळाच्या सभामंडपासाठी लाखो रुपये जमवणाऱ्या मंडळांना डिपॉझिटचा एक फिरता निधी उभा करणं अवघड नाही. पहिल्या नोकरीचं पत्र दाखवलं की बिनव्याजी रक्कम, आणि ती वर्षभरात हप्त्यानं परत. तालुक्यातल्या सगळ्या मंडळांनी मिळून कोण कुठल्या क्षेत्रात आहे याची एक यादी करावी. खारघर आणि पुणे इथे दोन-तीन खोल्या भाड्यानं घेऊन नव्यांना पहिले दोन महिने राहू द्यावं, त्यांतली एक मुलींसाठी. आणि आठव्या महिन्यात एका माणसानं आठवणीनं जाऊन भेटावं. बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनीही मंडळाची सभा म्हणजे म्हाताऱ्यांचं काम असं समजू नये. वर्गणी भरा, सभेला बसा, आणि स्वतः दोन वर्षांत मुरलात की मागून येणाऱ्याला घेऊन जा.

गणपतीत सगळे गावी असतात आणि मंडळाची बैठक बहुतेक ठिकाणी तेव्हाच होते. यंदाच्या विषयपत्रिकेवर रंगरंगोटी आणि मिरवणुकीच्या आधी हा विषय घ्या, आणि वर्षभरात नोकरीला निघणाऱ्या वाडीतल्या मुलामुलींची नावं त्याच बैठकीत लिहून काढा.